कॅनबेराची टाकी आणि पळसबोडीचा कोंडवाडा

अन्याय झाला तो आदिलाबादकडच्या पळसबोडीच्या सोनबा गणुजी उपरे यांच्यावर. एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या तिसऱ्या तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, सकाळी गुरं सुटायच्या वेळी, त्यांच्या गावच्या शिवारात आभाळातून एक वस्तू पडली. चौथ्या दिवशी तालुक्याची जीप आली आणि दुपार व्हायच्या आत गावाचा राखणदार चोर ठरला.

दुसरा अन्याय त्यानंतर पाच वर्षांनी झाला. तो मी केला. वांकिडीत, संघटनेच्या खोलीत पंख्याखाली बसून, एका दुपारी पत्रक लिहून. हे आधीच सांगतो, कारण आमच्या पत्रकात आरोपी कोण हे सुरुवातीलाच सांगायची पद्धत आहे आणि मी स्वतःसाठी ती मोडणार नाही.

ते पत्रक तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं आहे. मथळा होता, ‘वस्तीवर बॉम्ब!’ आत एक ओळ ठळक टायपात होती: ‘सोनबांनी सरकारचा बॉम्ब कोंडवाड्यात दडवून ठेवला आणि पुरावा वाचवला!’ त्या उद्गारचिन्हावर मी तेव्हा खूश होतो. आता ज्या प्रवासाबद्दल लिहितो आहे, तो ते उद्गारचिन्ह देण्याआधी करायचा होता. दोन वर्षं उशिरा केला.

वांकिडी

आम्ही पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो. दारात एक बाई उभी. कौसल्याबाई, तिसरीच्या वर्गाच्या बाई, नुकत्याच बदलून वांकिडीच्या मराठी शाळेत आलेल्या. हातात आमचं ते जुनं पत्रक.

“हे कोनं लिवलं?”

“मी,” मी म्हणालो. छाती पुढे काढूनच म्हणालो असेन.

“पळसबोडी पाह्यली का?”

“नाही, पण माहिती पक्की होती. आदिलाबादच्या बसस्टँडवर आमचा एक कार्यकर्ता भेटला होता. चहा घेताना त्यानं सगळं सांगितलं.”

“मंग त्या चहावाल्यालेच इचारायचं होतं ना बाबू, बॉम्ब असते कसा म्हनून.”

माझ्या शेजारचे दोघे हसले. मी हसलो नाही. बाई आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि शाळेत धडा शिकवतात तशा सांगू लागल्या. सोनबा त्यांचे वडील. त्यांनी वडिलांसाठी अर्जामागून अर्ज केले होते. शेवटी एका नव्या साहेबानं चौकशी पुन्हा उघडली. ‘चोर’ हा शेरा खोडायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात आमचं पत्रक निघालं.

“फायलीत लागलं तुमचं पत्रक. साहेबानं माह्या बापाले वाचून दाखवलं. म्हने, पाहा, तुमचेच लोक सांगून राह्यले का यानं दडवलं. आता मी काय करू?”

मी म्हणालो, आम्ही तर त्यांना वीर म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, “वीर म्हना का पीर म्हना. दडवलं तर म्हटलं ना?”

मग मी विचारलं, आता मी काय करू? बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. “पाय हायेत ना? जा.”

आणखी एक कबुली इथंच देऊन टाकतो. आमची संघटना गावोगाव सांगत होती की बौद्ध झालात, आता गावकीची राखण, दवंडी, सांगावे पोचवणं सोडा. सोनबांनी ऐकलं नव्हतं. ते शेतसनदी होते, म्हणजे निजामाच्या वेळेपासून चालत आलेले गावचे राखणदार, आणि त्यांनी ते काम धरून ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या बैठकीत त्यांचं नाव निघालं की आम्ही नाक मुरडायचो. बॉम्बची गोष्ट हाती लागली तेव्हा एका दिवसात ते आमचे झाले. माणूस आमच्या कामाचा झाला, म्हणून.

इचोडा

कौसल्याबाईंनी आधी इचोड्याला जायला सांगितलं. तिथं याकूबभाई म्हणून एक म्हातारे मिस्त्री ट्रकांचे डिझेल पंप दुरुस्त करतात. तरुणपणी ते हवाई दलात विमानांवर फिटर होते. “बॉम्ब आनि टाकी यातला फरक तेच सांगतीन तुमाले,” असं त्या म्हणाल्या.

इचोडा म्हणजे हैदराबाद-नागपूर रस्त्याला चिकटलेलं गाव. ट्रक थांबतात, पाणी मारून टायर थंड करतात, जातात. धाब्यावर भाकर मागितली तर पोऱ्या नव्हे, मालकच हसला आणि भाताचा ढीग वाढून गेला. सोबत पप्पू म्हणजे घट्ट वरण आणि गोंगुऱ्याचं लोणचं. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आपल्याकडे तिची कण्या घालून भाजी करतात, वर तेल-लसणाची फोडणी. इथं तिलाच लाल मिरचीत मुरवून असं करतात की डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय पान ओळख देत नाही. मी तीन पेले पाणी प्यालो आणि मग याकूबभाईंचं दुकान विचारलं.

ते ट्रकाखाली होते. मी ट्रकाखाली वाकून माझं पत्रक वाचून दाखवलं. आतून आधी पाना पडल्याचा आवाज आला, मग हसण्याचा.

“बम? कौन बोला बम?” तोंड पुसत बाहेर आले. “मियाँ, बम गिरता तो तुम्हारे पत्रक में लिखने कू गाँव बचता क्या? टाँकी थी वो. कॅनबेरा की टाँकी, उन दिनों इधर से वोइच उडते थे. मिट्टी के तेल की बास आई थी क्या, पूछे?”

मी कोणालाच काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी स्टूल दिलं आणि त्या विमानाची कथा सांगितली. मी ती इथं लिहितो, कारण एका विमानाला दोन वर्षं शिव्या घातल्या आणि त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

कॅनबेरा इंग्रजांनी बनवलं. दुसरं महायुद्ध संपलं, पंख्याची विमानं जुनी झाली, आणि जेटवर उडणारी बॉम्बफेकी विमानं निघाली. त्या पहिल्या पिढीतलं हे. त्याच्यावर स्वतःच्या रक्षणाला तोफ नव्हती. तोफ कशाला, उंची होती ना. ते इतकं वर जायचं की त्या वेळची पाठलाग करणारी विमानं खालीच धापा टाकायची. अमेरिकेनं स्वतःची सोडून हे बनवायला घेतलं. आपल्या देशानं पन्नाशीच्या शेवटी घेतलं. मग ते काँगोला गेलं, गोव्याला गेलं, पासष्टला आणि एकाहत्तरला सरहद्दीपार गेलं.

“चालू कैसा होता था मालूम? कारतूस से! बंदूक के माफक. कारतूस फोडो, काला धुआँ, फिर इंजिन बोलता. नया लडका रहा तो पहले दिन भागता था.” नाकाडात एक माणूस पोटावर झोपून खाली बघत बसतो, बॉम्ब कुठं सोडायचा ते तो सांगतो, हेही त्यांनी स्टुलावर आडवं होऊन दाखवलं. रस्त्यावरच्या क्लिनरांनी शिट्ट्या मारल्या.

मग ते गंभीर झाले. पुढं क्षेपणास्त्रं आली, ती त्या उंचीलाही पोचू लागली. “जिसका मंतर ऊँचाई था, उसकू जमीन से चिपकके उड़ना सीखना पड़ा. बुढापे में.” आता ते विमान म्हातारं झालं आहे, तरी उडतंच आहे.

टाकीचं असं. पंखांच्या दोन टोकांना दोन टाक्या, जास्तीच्या तेलाच्या. एक रिकामी होईना तर विमान एका अंगाला कलतं. मग वैमानिक दोन्ही सोडून देतो. मोकळं रान पाहून सोडतो, पण सोडतो. “दोनो. हमेशा दोनो. तुम्हारे गाँव में कितने मिले?”

“एक.”

“तो दूसरा कहाँ है?”

हाच प्रश्न तालुक्याच्या साहेबांनी सोनबांना विचारला होता. हवाई दलाच्या कागदावर दोन टाक्या पडल्या होत्या, गावात एकच होती, तीही जागची हललेली. मग दुसरी यानंच विकली, असा त्यांचा हिशेब.

निघताना याकूबभाई म्हणाले, “मैं भी फारम भरा हूँ ऐसे. टाँकी गिरी, खतम. किसके खेत में गिरी, जिंदगी में एक बार नहीं सोचा.” त्यांनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

पळसबोडी

बस तलमडुगूपर्यंत. पुढं दोन कोस चालायचं. पाऊस उघडला होता, पण काळी माती तशी सोडत नाही. कपाशी गुडघ्याला लागलेली, ज्वारी खांद्याला, आणि वाटेत माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. थोड्या वेळानं उजवी चिखलात राहिली ती राहिलीच. भाषणात मी पुष्कळदा ‘अनवाणी जनता’ म्हटलं आहे. सराटे टोचतात, हे त्या भाषणात नव्हतं.

गावाच्या वेशीला दगडी कुंपणाचा चौकोन दिसला. कोंडवाडा. फाटक नाही, भिंत एका बाजूनं बसलेली, आत तरोटा माजलेला. फाटकाच्या जागी एक म्हातारा काठी आडवी धरून उकिडवा बसलेला.

“जयभीम बाबा. सोनबा उपरे कुठं राहतात?”

“हितंच बसते तो. तुमी कोन?”

मी नाव सांगितलं. ते पत्रक मी लिहिलं, हेही सांगितलं. मनात शिव्यांची तयारी ठेवली होती.

म्हातारा काठी टेकत उभा राहिला. “तूच का तो? लय चांगलं लिवलं बापा! इतकं मोठं नाव छापलं. गावात वाचून दाखवलं, मले वाटलं आता सुटलो. कौसी रडाले लागली त मीच म्हटलं, काऊन रडतं वो, बापाचं नाव छापून आलं!”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी गंगाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, माझे पाय पाहिले आणि काही न विचारता सुई तापवली. सराटे काढून होईपर्यंत ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पुढं आली. कण्या घातलेली, आपल्यासारखी. मग सोनबांनी सांगितलं, ते असं.

तान्ह्या पोळ्याची सकाळ. पोरं लाकडाचे बैल सजवत होती. वरून गाज आली, लोकांनी वर पाहिलं, उन्हात काहीतरी चमकलं आणि ज्वारीत धप्पकन पडलं. दोन्ही टोकांना निमुळतं, मध्ये फुगीर, चांदीच्या रंगाचं, बैलगाडीच्या साट्याहून लांब. एका अंगाला चेपलेलं. जवळ गेलं तर मातीच्या तेलाचा, म्हणजे रॉकेलचा वास.

“मंग तुम्ही काय केलं?”

“काय कराचं? बेवारस जे बी शिवारात सापडलं ते कोंडवाड्यात. म्हैस असो का बकरी. आमाले दुसरं ठाऊकच नोतं. सहा मानसं लावून गाडीवर घातलं, कोंडवाड्यात आनलं, फाटकाले कुलूप लावलं. दवंडी देल्ली, का ज्याचं असीन त्यानं येऊन घेऊन जावं.”

“याले म्हटलं होतं मी,” गंगाबाई चुलीजवळून बोलल्या, “का आनलं तसं त्याले चारापानी बी दे.”

“पानी ठेवलं होतं ना!” सोनबा चिडले. “जनावर नाई त काय झालं, नेम हाय त्याचा.”

दोघंही हसली. एवढी वर्षं ही थट्टा त्या घरात चालू असावी. मी भाकरीत मान घालून बसलो. मी ‘पुरावा दडवला’ लिहिलं होतं, आणि या माणसानं ढोल वाजवून गावाला सांगितलं होतं. गावानं त्या टाकीला ‘चांदीची म्हैस’ नाव ठेवलं होतं. पटवाऱ्याच्या मुलाकडून त्यांनी कोंडवाड्याच्या वहीत नोंदसुद्धा करून घेतली होती.

चौथ्या दिवशी जीप आली. जागची का हलवली? दुसरी कुठं आहे? पोलिस पटेल खाली मान घालून उभा. कंबरेची कोंडवाड्याची चावी काढून घेतली, वही घेतली, टाकी ट्रकात गेली, राखणदारी आणि पगारही गेला. लोकांनी पाहिलं, आणि त्या दिवसापासून गावात काही हरवलं की आधी यांच्या दाराकडे बघायचे.

“दुसरी पडताना पाह्यली होती का बाबा?”

“पाह्यली ना. तिकडं गेली,” त्यांनी काठीनं डोंगराच्या अंगाला दाखवलं. “सायबाले तेच सांगतलं. सायब म्हने, चोराले दिशा बी बरोबर ठाऊक हाय.”

थाळी धुवायला मी उठलो तेव्हा ते हळूच म्हणाले, “एकडाव यायचं होतं बापा. लिवायच्या आगुदर. दोन कोसच त हाय.”

राग नव्हता त्यात. कुणी आपल्या घरचं लग्न चुकवलं तर म्हणतो, तसं म्हणाले.

डोंगराच्या अंगाला

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. गंगाबाईंनी नवऱ्याच्या जुन्या वहाणा मला दिल्या. सोनबा पुढं, काठीच्या रेघेत, सरळ. एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतः का नाही गेलात, असं मी विचारलं. “मी जाऊन आनली असती त म्हनले असते, पाहा, दडवलेली काढून आनली.”

सागाची झाडं सुरू झाली, मग चढ, मग दहा-बारा घरांचा गोंडांचा गुडा. तोंडालाच विहीर आणि विहिरीशेजारी दोन लांब डोण्या, गुरांना पाणी पाजायच्या. टोकं निमुळती. बाहेरून अजून कुठं कुठं चांदीचा रंग.

सोनबा जागीच थांबले.

गुड्याचा पटला म्हणजे मुखिया बाहेर आला. बाज टाकली, पाणी दिलं. तुटक मराठीत म्हणाला, हो, वरून पडलं, त्याच सकाळी. एक पावसाळा तसंच ठेवलं होतं, कोणी न्यायला येईल म्हणून. कोणी आलं नाही. मग मधोमध उभं कापलं. “चांगली डोनी हाय. गळत नाई.”

“कोणी विचारायला आलं नाही? जीप? साहेब?”

“रस्ता नाई ना जीपले.” मग माझ्याकडं निरखून पाहून विचारलं, “तुमी पैले. नेऊन राह्यले का आता? नेत असान त नेजा, पन गुरं काय करतीन?”

सोनबांनी डोणीच्या काठावरून हात फिरवला. एक कालवड पाणी पीत होती, ती हलली नाही. ते इतक्या हळू बोलले की पटल्याला ऐकू गेलं नसेल.

“ह्याची दवंडी द्यायची राह्यली.”

कचेरी

पटल्याचा अंगठा, सोनबांचा अंगठा आणि माझी सही असं निवेदन घेऊन, सोबत आलेल्या सोनबांना पायऱ्यांशी बसवून, मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. मोठ्या तोऱ्यात गेलो, तेही सांगतो. कारकुनानं फाईल काढली. टाचणीला सगळ्यात वर माझं पत्रक, उद्गारचिन्हासकट. त्याच टाचणीला, त्याच्या अगदी खाली, कोंडवाड्याच्या वहीतलं पान. शाई फिकी, अक्षर शाळकरी:

जनावर: नाही. रंग: चांदी. शिंगं: नाहीत. कानाला खूण: नाही. मालक: वरून गेला.

निर्दोष माणसाचा पुरावा इतकी वर्षं फाईलमध्ये होता. त्यावर झाकण मी घातलं होतं.

कारकून तेलुगू माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. माझं निवेदन वाचून त्यानं खाली ठेवलं. “ये हाथ का लिखा है. वो छपा हुआ है. ऊपर आपकेच संस्था का नाम है. अब आप बोलते गलत है. कल दूसरा कुछ बोलेंगे.”

“मीच लिहिलं होतं. चूक माझी आहे.”

“आप एक आदमी. इतने लोग पढ़े ये कागज. दो साल हो गये. एक भी आया क्या इधर, गलत है बोलके?”

पायऱ्या उतरून खाली आलो तर सोनबा वहाणा काढून, काठी आडवी धरून बसलेले. काय झालं हे त्यांनी चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं.

“मले पगार नको म्हना त्याईले,” ते म्हणाले. “ती चावी तेवढी देऊन टाका म्हना.”

ज्या फाटकाची ती चावी, ते फाटक कधीच कुजून गेलं आहे. हे त्यांना ठाऊक आहे. मला परत वर जाऊन चावी मागायचं धैर्य झालं नाही. या सगळ्या प्रवासातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते, सराट्यांपेक्षा.

आता तुम्ही. ते पत्रक तुमच्या घरी आहे. कपाटात असेल, पुस्तकात खूण म्हणून असेल, कोणी भिंतीला चिकटवलं असेल. काढा. ती ठळक ओळ खोडा, आणि खाली आपलं पूर्ण नाव-गाव लिहून सही करा. मला पाठवू नका, टपालानं कचेरीलाही पाठवू नका, कागदावर कागद टाचायला तिथं टाचण्या भरपूर आहेत. ते हातात घेऊन आधी पळसबोडीला जा. बस तलमडुगूपर्यंत आहे, पुढं दोन कोस, पायात काहीतरी मजबूत घाला. सोनबा फाटकाच्या जागी बसलेले असतील. त्यांना विचारा काय पडलं होतं, आणि ते सांगतील ते खोडलेल्या ओळीच्या वर लिहा. मग त्यांना सोबत घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढा, आणि चावी मागा.